रुग्णाच्या पेशी, संशोधन आणि संमती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ, बायोप्सीचा तुकडा, तपासणीनंतर नळीत उरलेलं रक्त, नवजात बाळाच्या टाचेतून कागदावर घेतलेले थेंब. उपचारासाठी शरीरातून निघालेल्या या गोष्टी पुढे संशोधनात वापरल्या जाऊ शकतात, आणि ज्याच्या शरीरातून त्या निघाल्या त्याला बहुतेक वेळा पत्ताही नसतो. रुग्ण, नातेवाईक आणि या क्षेत्रात नव्याने आलेले विद्यार्थी नेहमी विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत. कायदे देशागणिक बदलतात, म्हणून नियम सांगताना तो कुठला आहे हेही सांगितलं आहे.

उपचारासाठी काढलेला तुकडा संशोधकाच्या हातात पोहोचतो कसा?

दोन वाटांनी. त्यांतला फरक नीट समजला की पुढचे बरेचसे प्रश्न सोपे होतात.

पहिली वाट उरलेल्या नमुन्याची. काढलेला भाग दहा टक्के फॉर्म्यालिनच्या डबीतून पॅथॉलॉजीकडे जातो. तिथे तो मोजून, पाहून त्याचे छोटे काप निवडतात आणि पॅराफिन मेणात बसवून ब्लॉक करतात. ब्लॉकमधून चार-पाच मायक्रॉन जाडीच्या चकत्या मायक्रोटोमवर कापून, काचपट्टीवर रंगवून निदान होतं. निदानाला ब्लॉकचा अगदी थोडा भाग लागतो. बाकीचा ब्लॉक फेकत नाहीत, कारण काही वर्षांनी आजार उलटला तर जुन्या तुकड्याशी ताडून पाहावं लागतं. अमेरिकेत पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेने मान्यता दिलेल्या लॅबना असे ब्लॉक किमान १० वर्षं ठेवावे लागतात, आणि मोठी रुग्णालयं ते त्याहून कितीतरी जास्त काळ सांभाळतात. ब्लॉकमधल्या पेशी मेलेल्या असल्या तरी त्यांतून डीएनए काढता येतो, प्रथिनं तपासता येतात, आणि रुग्णाच्या फाइलशी जोडलं की कोणत्या गाठीवर कोणतं औषध चाललं हेही कळतं. संशोधकाला हा साठा हवासा वाटतो तो यामुळेच.

दुसरी वाट ताज्या नमुन्याची. पेशी जिवंत हव्या असतील तर फॉर्म्यालिनचा स्पर्शसुद्धा चालत नाही. तुकडा निर्जंतुक डबीत, पोषक द्रवात, थंड ठेवून काही तासांत लॅबमध्ये न्यावा लागतो. त्यासाठी डबी आधी तयार असावी लागते, ऑपरेशन थिएटरच्या दाराशी माणूस उभा असावा लागतो, सर्जनला आधी सांगून ठेवावं लागतं. एवढी तयारी झालेली असते तेव्हा ‘उरलं होतं, म्हणून वापरलं’ हे कारण पटण्यासारखं नसतं. रुग्णाला विचारायला वेळ होता.

शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवणं इतकं अवघड आहे का?

काही आठवडे ठेवणं नाही, पण साध्या पेशी कायम वाढवत ठेवणं, हो. ३७ अंश सेल्सिअस तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा, क्षार-साखर-अमिनो आम्लांचा द्रव आणि त्यात साधारण दहा टक्के गाईच्या गर्भाचं सीरम, एवढं दिलं तर पेशी काही आठवडे वाढतात. पण माणसाच्या निरोगी पेशी साधारण ४० ते ६० वेळा दुप्पट झाल्या की विभागणं थांबवतात. लेनर्ड हेफ्लिक यांनी ही मर्यादा १९६१ मध्ये दाखवली. ती ओलांडून वाढतच राहणारा पेशींचा वंश म्हणजे ‘अमर’ सेल लाइन. अशी लाइन गोठवून उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं ठेवता येते, कुपीत भरून जगभर पाठवता येते आणि विकताही येते. एका माणसाचा छोटासा तुकडा हजारो लॅबमध्ये पोहोचतो तो असा.

हेन्रिएटा लॅक्स यांच्याबाबतीत नेमकं काय झालं?

१९५१ च्या सुरुवातीला, वयाच्या तिसाव्या वर्षी, पाच मुलांची आई असलेल्या हेन्रिएटा लॅक्स बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आल्या. वंशभेदाच्या त्या काळात कृष्णवर्णीयांवर उपचार करणारी मोठी रुग्णालयं त्या भागात मोजकीच होती, आणि हॉपकिन्समध्येही त्यांचे वॉर्ड वेगळे होते. निदान झालं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं. उपचाराच्या संमतीपत्रावर त्यांनी सही केली होती. रेडियमच्या पहिल्या उपचाराच्या वेळी, त्या भूल दिलेल्या अवस्थेत असताना, सर्जनने दोन छोटे तुकडे काढले: एक गाठीचा, एक शेजारच्या निरोगी भागाचा. निदान आधीच झालेलं होतं. हे तुकडे काढण्यामागे उपचाराचं कारण नव्हतं. ते जॉर्ज गाय यांच्या पेशीसंवर्धन लॅबसाठी होते.

लॅब सहायक मेरी कुबिसेक यांनी त्यांचे बारीक काप करून नळ्यांत ठेवले आणि नळ्यांवर रुग्णाच्या नावाची आणि आडनावाची पहिली दोन-दोन अक्षरं लिहिली: ‘हेला’. निरोगी भागाच्या पेशी काही दिवसांत मेल्या. गाठीच्या पेशी मात्र जवळपास दर २४ तासांनी दुप्पट होत राहिल्या. गाय यांनी त्या मागेल त्याला फुकट दिल्या, त्यांवर पैसे कमावले नाहीत. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी हेन्रिएटा वारल्या, तेव्हा त्या ३१ वर्षांच्या होत्या. १९५३ मध्ये अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथे याच पेशींचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं, पोलिओच्या लशीची चाचणी करण्यासाठी. पुढे खासगी कंपन्यांनी त्या विकायला सुरुवात केली.

घरच्यांना हे कळलं १९७३ मध्ये, म्हणजे २२ वर्षांनी. तेही संशोधकांना कुटुंबाचं रक्त हवं होतं म्हणून. रक्त द्यायला बसलेल्यांपैकी काहींना वाटत होतं की आपल्याला आईचा आजार आहे का ते तपासलं जातंय. म्हणजे दुसऱ्या वेळीही कारण नीट सांगितलं गेलं नाही, आणि तोवर संमतीचे नियम अस्तित्वात आले होते. १९५१ पेक्षा १९७३ ची ही घटना आम्हाला जास्त गंभीर वाटते.

त्याच पेशी का वाढल्या? आणि कुटुंबाचं रक्त कशाला हवं होतं?

गाठीच्या पेशींत मानवी पॅपिलोमा विषाणूचा प्रकार १८ होता. त्याचं ई६ हे प्रथिन पी५३ ला नष्ट करायला लावतं आणि ई७ हे रेटिनोब्लास्टोमा प्रथिन निकामी करतं. बिघडलेल्या पेशीला थांबवणारे हे दोन मुख्य पहारेकरी. ते बाजूला झाले, शिवाय टेलोमरेज हे विकर (एन्झाइम) चालू राहिलं, त्यामुळे गुणसूत्रांची टोकं झिजली नाहीत. हेला पेशीत ४६ ऐवजी साधारण ७६ ते ८० गुणसूत्रं असतात.

इतक्या जोमदार पेशी शेजारच्या बशीत शिरल्या तर तिथल्या मूळ पेशींना मागे टाकतात. एकच पिपेट दोन बाटल्यांना लागला किंवा हवेत उडालेला बारीक थेंब उघड्या बशीत पडला तरी पुरतं. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर यांनी १८ वेगवेगळ्या समजल्या जाणाऱ्या सेल लाइन तपासून दाखवलं की सगळ्यांत एकाच विकराचा तोच प्रकार आहे, जो जवळपास फक्त आफ्रिकी वंशाच्या लोकांत सापडतो. त्या सगळ्यांत हेला शिरली होती. यकृताच्या किंवा आतड्याच्या पेशी समजून केलेले प्रयोग प्रत्यक्षात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर झाले होते. हेला नेमकी ओळखायला आनुवंशिक खुणा हव्या होत्या, आणि त्या ठरवायला नवरा आणि मुलांचं रक्त हवं होतं.

आज हे काम डीएनएमधले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे मोजणाऱ्या ‘एसटीआर’ तपासणीने होतं. दोन नमुने ८० टक्के किंवा जास्त जुळले तर ते एकाच दात्याचे मानतात. सेल लाइन हाताळणाऱ्याने ती लॅबमध्ये आल्यावर, गोठवण्याआधी आणि शोधनिबंध पाठवण्याआधी ही तपासणी करावीच.

त्या काळी संमती घ्यायची पद्धतच नव्हती. मग दोष कसा देता?

गाय किंवा सर्जन यांनी तेव्हाचा कायदा मोडला असं कोणी म्हणत नाही. पण ‘तेव्हा कोणालाच सुचलं नव्हतं’ हेही खरं नाही. नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून आलेल्या १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेचं पहिलंच कलम सांगतं की प्रयोगात भाग घेणाऱ्याची स्वेच्छेची संमती अनिवार्य आहे. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने माहिती देऊन घेतलेल्या संमतीचं तत्त्व उपचारांना लावलं. १९६४ मध्ये माणसांवरच्या संशोधनाच्या नीतीविषयीचा, डॉक्टरांच्या जागतिक संघटनेचा हेलसिंकी जाहीरनामा आला.

या जाहीरनाम्याच्या आदल्याच वर्षी, १९६३ मध्ये, ब्रुकलिनच्या ज्यूइश क्रॉनिक डिसीज रुग्णालयात २२ आजारी रुग्णांना कॅन्सरच्या जिवंत पेशी टोचल्या गेल्या. प्रयोग चेस्टर साउदम यांचा होता. रुग्णांना पेशी टोचतोय एवढंच सांगितलं, त्या कॅन्सरच्या आहेत हे सांगितलं नाही. तिथल्या तीन तरुण डॉक्टरांनी या कामाला नकार दिला. काय योग्य आहे हे त्या काळातल्या माणसांना कळत होतं, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

माझ्या शरीरातून काढलेल्या पेशींचा मालक कोण?

बहुतेक लोक उत्तर गृहीत धरतात: अर्थात मी. अमेरिकी न्यायालयांचं उत्तर बहुतेक वेळा वेगळं आलं आहे.

जॉन मूर यांना हेअरी सेल ल्युकेमिया हा रक्ताचा दुर्मीळ कॅन्सर होता. १९७६ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठ रुग्णालयात डॉ. डेव्हिड गोल्ड यांच्या सल्ल्याने त्यांची प्लीहा काढली. उपचार म्हणून ते ऑपरेशन योग्यच होतं. पण प्लीहेचे भाग संशोधनासाठी मिळावेत याची तजवीज ऑपरेशनच्या आधीच झाली होती आणि मूर यांना ती माहीत नव्हती. पुढची सात वर्षं ते सिएटलहून तपासणीसाठी येत राहिले आणि दर खेपेला रक्त, त्वचा, अस्थिमज्जा, वीर्य देत राहिले. ही सगळी काळजी आपल्या तब्येतीसाठी आहे अशी त्यांची समजूत होती. दरम्यान त्यांच्या टी-पेशींपासून (या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ‘मो’ नावाची सेल लाइन तयार झाली, १९८१ मध्ये पेटंटचा अर्ज गेला आणि १९८४ मध्ये पेटंट मिळालं. एका कंपनीशी झालेल्या करारात ७५,००० शेअर आणि तीन वर्षांत किमान ३,३०,००० डॉलर ठरले होते. १९८३ मध्ये पेशींवरचे हक्क सोडण्याचा कागद समोर आला तेव्हा मूर यांना शंका आली आणि ते वकिलाकडे गेले.

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ९ जुलै १९९० रोजी दोन गोष्टी सांगितल्या. काढून टाकलेल्या पेशींवर मूर यांचा मालमत्तेचा हक्क चालणार नाही, कारण तो मान्य केला तर प्रत्येक नमुन्यामागे संशोधकावर दाव्याची टांगती तलवार राहील. पण ऑपरेशनमध्ये आपला संशोधनाचा किंवा पैशांचा हितसंबंध गुंतलेला असेल, तर तो संमती घेण्याआधी रुग्णाला सांगणं डॉक्टरचं कर्तव्य आहे.

या निकालाचा दुसरा भाग कमी चर्चिला जातो, आणि रुग्णाच्या हातात खरं तर तोच आहे. ‘या पेशी माझ्या’ म्हणून लढणं अवघड. ‘मला सांगितलं नाही’ म्हणून लढता येतं.

रुग्णाला सांगितलं असतं तर काय फरक पडला असता?

टेड स्लाव्हिन यांचं उदाहरण पाहा. ते हिमोफिलियाचे, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराचे, रुग्ण होते. वारंवार दुसऱ्यांचं रक्त चढवावं लागल्याने त्यांचा हिपॅटायटिस बी च्या विषाणूशी अनेकदा संबंध आला आणि रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडं प्रचंड प्रमाणात तयार झाली. त्यांच्या डॉक्टरने ही गोष्ट त्यांनाच सांगितली. स्लाव्हिन यांनी आपलं सीरम कंपन्यांना मिलिलिटरला १० डॉलरपर्यंतच्या भावाने विकलं, आणि नोबेल विजेते बारूक ब्लूमबर्ग यांच्या लॅबला संशोधनासाठी हवं तेवढं फुकट दिलं. माहिती मिळालेला माणूस संशोधनाला दार लावतोच असं नाही. तो स्वतःच्या अटींवर सहभागी होतो.

लॅक्स कुटुंबाला पैसे मिळाले का?

अनेक दशकं काहीच मिळालं नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांच्या वारसांनी थर्मो फिशर सायंटिफिक या कंपनीवर दावा केला. मालकी हक्काच्या ऐवजी ‘अन्यायाने झालेला लाभ’ हा मुद्दा घेतला: पेशी कशा मिळाल्या हे ठाऊक असूनही कंपनी त्या विकून नफा कमावत राहिली. ऑगस्ट २०२३ मध्ये तडजोड झाली, तिच्या अटी गुप्त आहेत. त्यानंतर आणखी कंपन्यांवर दावे दाखल झाले. तडजोडीतून न्यायालयाचा निकाल मिळत नसल्याने दुसऱ्या रुग्णाला ती आधार म्हणून दाखवता येत नाही.

नाव काढून टाकलं तर संमतीची गरज नाही, हे खरं का?

अमेरिकेच्या संघीय नियमांत आजही बऱ्याच अंशी हेच आहे. उपचारासाठी घेतलेल्या नमुन्यावरून माणूस ओळखता येत नसेल, तर त्यावरचं संशोधन ‘माणसावरचं संशोधन’ ठरत नाही. २०१५ मध्ये प्रस्ताव आला होता की ओळख काढलेल्या नमुन्यांसाठीही संमती घ्यावी. संशोधन संस्थांचा विरोध झाला आणि जानेवारी २०१७ च्या अंतिम नियमातून तो वगळला गेला. त्याऐवजी संमतीपत्रात काही वाक्यं सक्तीची झाली, ती पुढे दिली आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं जनुकीय माहितीविषयीचं धोरण जरा कडक आहे: २५ जानेवारी २०१५ नंतर घेतलेल्या नमुन्यांची जनुकीय माहिती सामायिक करायची तर, ओळख काढलेली असली तरी संमती अपेक्षित आहे.

इथे एक गोष्ट नीट पाहा. ‘ओळख काढली’ या शब्दांखाली दोन वेगळ्या स्थिती येतात. एकीत नळीवरचं नाव जाऊन क्रमांक येतो आणि क्रमांक-नावाची यादी कुणाकडे तरी कुलुपात असते. दुसरीत ती यादीच नष्ट केलेली असते. पहिल्या स्थितीत तुम्हाला महत्त्वाचा निष्कर्ष कळवता येतो आणि नमुना मागेही घेता येतो. दुसरीत दोन्ही अशक्य. युरोपच्या माहिती संरक्षण नियमांत क्रमांक दिलेली माहिती ही वैयक्तिक माहितीच राहते.

आणि डीएनए स्वतःच ओळखपत्र आहे. २०१३ मध्ये संशोधकांनी खुल्या जनुकीय माहितीतल्या वाय गुणसूत्रावरच्या खुणा वंशावळीच्या संकेतस्थळांशी ताडून आडनावं शोधली, त्याला वय आणि राज्य जोडलं, आणि जवळपास ५० जणांची ओळख पटवली. त्यासाठी लागलेली सगळी माहिती इंटरनेटवर खुली होती.

एका आजारासाठी दिलेलं रक्त दुसऱ्या कामाला वापरता येतं का?

ॲरिझोनात ग्रँड कॅन्यनच्या दरीत राहणाऱ्या हवासुपाई जमातीने १९९० च्या सुमारास राज्य विद्यापीठाच्या संशोधकांना रक्त दिलं. जमातीत मधुमेह फार होता आणि त्याचं कारण शोधायचं होतं. पुढे त्याच नमुन्यांवर स्किझोफ्रेनिया, रक्तसंबंधातल्या लग्नांचं प्रमाण आणि पूर्वजांचं स्थलांतर यांवर काम झालं. आपण याच दरीत जन्मलो ही त्यांची श्रद्धा, आणि त्यांच्याच रक्तातून ‘तुम्ही आशियातून आलात’ असा निष्कर्ष त्यांना न विचारता छापला गेला. एप्रिल २०१० मध्ये विद्यापीठाने ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले.

संमतीपत्रात ‘वर्तणुकीचे आणि वैद्यकीय विकार’ असे मोघम शब्द होते. कागदावर ते पुरेसे दिसत होते. तोंडी मात्र मधुमेहाबद्दलच बोलणं झालं होतं. छापील वाक्य आणि तोंडी बोलणं यांच्यातली ही फट हा संमतीतला सर्वांत नेहमीचा दोष आहे, आणि तो दोष असलेला कागद संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीसमोरून सहज निघून जातो.

नवजात बाळाच्या रक्ताचं काय?

जन्मानंतर साधारण २४ ते ४८ तासांत बाळाच्या टाचेला टोचून खास कागदावर रक्ताचे काही थेंब घेतात, चयापचयाचे दुर्मीळ आजार वेळीच ओळखण्यासाठी. ही तपासणी जीव वाचवते, तिला नकार देऊ नका. प्रश्न आहे तो तपासणीनंतर उरलेल्या सुकलेल्या थेंबांचा. टेक्सस राज्याने ते आई-वडिलांना न विचारता अनेक वर्षं साठवून संशोधनाला दिले. २००९ मध्ये पालकांनी दावा केला, आणि तडजोडीत सुमारे ५३ लाख नमुने नष्ट करावे लागले. सुरुवातीलाच एक कागद पुढे केला असता तर बहुतेक पालकांनी होकार दिला असता असं आमचं मत आहे. न विचारल्यामुळे संशोधकांनीच एक अमूल्य साठा गमावला.

तपासणीला होकार आणि साठवणीला नकार, असे दोन वेगळे निर्णय घेता येतात का, हे बाळंतपणाच्या आधीच विचारून ठेवा. कळा सुरू झाल्यावर कागद वाचायला कोणाला जमत नाही.

ब्रिटनमध्ये नियम वेगळे आहेत का?

हो. लिव्हरपूलच्या ‘अल्डर हे’ नावाच्या रुग्णालयात १९८८ ते १९९५ या काळात मृत मुलांचे अवयव पालकांना न सांगता ठेवून घेतले गेले होते. त्याचा चौकशी अहवाल २००१ मध्ये आला आणि त्यातून २००४ चा मानवी ऊती कायदा झाला. संमतीशिवाय ऊती ठेवणं किंवा वापरणं हा गुन्हा आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अपवाद आहे: जिवंत रुग्णाकडून घेतलेला नमुना, संशोधकाला ओळख कळणार नाही अशी व्यवस्था आणि एथिक्स कमिटीची मान्यता, हे तिन्ही असेल तर संमतीशिवाय संशोधन चालतं. शरीराबाहेर वाढवलेल्या सेल लाइनही या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत.

ऑपरेशनच्या आधी मिळालेल्या संमतीपत्रात काय शोधायचं?

आधी पाहा की संशोधनाची संमती वेगळ्या पानावर, वेगळ्या सहीची आहे का. भूल आणि ऑपरेशनच्या कागदात शेवटी ‘काढलेला भाग शिक्षण व संशोधनासाठी वापरण्यास हरकत नाही’ असं एक वाक्य घुसवलेलं असतं, ते सापडलं तर त्यावर बोट ठेवून विचारा. हे वाक्य खोडून बाजूला सही केली तर ऑपरेशन होईल ना? उत्तर ‘हो’ असंच असायला हवं. संशोधनाला नकार दिल्याने उपचार अडवणं कोणत्याही मान्य नियमात बसत नाही.

मग पुढची माहिती शोधा. अमेरिकेच्या सुधारित नियमांनुसार, लागू असेल तिथे यातल्या पहिल्या तीन गोष्टी लिहून द्याव्याच लागतात, आणि इतरत्रही त्या मागायला काही हरकत नाही:

– ओळख काढून हा नमुना पुढे दुसऱ्या संशोधनाला, पुन्हा न विचारता, देणार आहेत का;
– त्यातून व्यापारी नफा होऊ शकतो का, आणि तुम्हाला त्यात वाटा आहे की नाही;
– पूर्ण जनुकीय क्रम वाचणार आहेत का;
– नेहमीच्या ऑपरेशनपेक्षा जास्तीचा तुकडा, जास्तीचं रक्त किंवा सुईची जास्तीची खेप यासाठी लागणार आहे का;
– नमुना किती वर्षं, कुठे राहील आणि दुसऱ्या देशात जाईल का;
– सेल लाइन करणार आहेत का.

शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत. साध्या तुकड्याचा साठा वापरून संपतो. सेल लाइन संपत नाही, आणि एकदा वाटली गेली की परत गोळा करता येत नाही.

‘ब्रॉड’ संमती म्हणजे काय? ती द्यावी का?

एका ठरावीक अभ्यासासाठी दिलेली संमती वेगळी, आणि ‘पुढच्या कोणत्याही मान्य वैद्यकीय संशोधनासाठी’ दिलेली सरसकट संमती वेगळी. दुसरीला ब्रॉड संमती म्हणतात. बायोबँका, म्हणजे संशोधनासाठी नमुने साठवणाऱ्या संस्था, बहुतेक हीच घेतात, कारण वीस वर्षांनी कोणता प्रश्न उभा राहील हे आज सांगता येत नाही. ब्रिटनच्या यूके बायोबँकेत ४० ते ६९ वयाच्या सुमारे ५ लाख लोकांनी अशी संमती दिली आणि त्यातून मोठं काम उभं राहिलं. आमच्या मते ती द्यायला हरकत नाही, मात्र वापराला परवानगी देणारी समिती कोणती, काय चाललं आहे हे कुठे वाचायला मिळेल आणि बाहेर कसं पडायचं, या तिन्हींची उत्तरं कागदावर हवीत. अमेरिकी नियमात एक उपयोगी तरतूद आहे: तुम्ही ब्रॉड संमती नाकारली, तर ओळख पटणारा तुमचा नमुना साठवायला किंवा पुढे वापरायला एथिक्स कमिटीही संमती माफ करू शकत नाही. त्यामुळे नुसतं गप्प राहण्यापेक्षा लेखी ‘नाही’ म्हणणं जास्त संरक्षण देतं.

दिलेली संमती मागे घेता येते का?

येते, पण पुढच्यापुरती. छापून आलेले निष्कर्ष, इतर लॅबना गेलेली माहिती किंवा ओळख पूर्ण पुसलेला नमुना परत येत नाही. यूके बायोबँकेत तीन पायऱ्या आहेत: यापुढे संपर्क नको, संपर्क नको आणि आरोग्य नोंदीही यापुढे पाहू नका, आणि यापुढे कोणताच वापर नको. मागे घेताना कोणती पायरी हवी हे स्पष्ट लिहा, आणि नमुना नष्ट केल्याची लेखी पोच मागा. निदानाचा ब्लॉक मात्र नष्ट करायला सांगू नका. तो पुढच्या उपचारासाठी तुम्हालाच लागेल.

मी संशोधक आहे. कपाटात २० वर्षांपूर्वीचे ब्लॉक आहेत. प्रत्येकाची संमती कशी आणू?

बहुतेक वेळा आणता येत नाही, आणि म्हणूनच संमती माफ करण्याची तरतूद आहे. अमेरिकेत एथिक्स कमिटी पाहते: धोका किमान आहे का, माफीशिवाय काम व्यवहारात अशक्य आहे का, ओळखीशिवाय काम खरंच होत नाही का, रुग्णांच्या हक्कांना बाधा येते का, आणि शक्य असेल तिथे नंतर माहिती देणार का. ‘अशक्य’ म्हणजे ‘कंटाळवाणं’ नव्हे. ४० रुग्ण असतील आणि त्यांतले ३० अजून तुमच्याच ओपीडीत येत असतील, तर फोन करा.

अर्ज अडकतो तो नेहमी त्याच जागी. निदानापुरता भाग शिल्लक राहील याची खात्री दिलेली नसते. छोट्या बायोप्सीचा ब्लॉक कापत कापत संपवला तर रुग्णाला पुढे नव्या तपासणीसाठी पुन्हा सुई सोसावी लागते. किमान किती चकत्या राखून ठेवाल ते अर्जात आकड्याने लिहा, आणि पॅथॉलॉजिस्टची लेखी हमी जोडा.

संमती घेताना प्रत्यक्षात काय चुकतं?

वेळ चुकते. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, उपाशी, घाबरलेल्या माणसापुढे ठेवलेल्या कागदाला संमती म्हणणं कठीण आहे. किमान आदल्या भेटीत कागद घरी द्यावा.

माणूस चुकतो. उपचार करणाऱ्या डॉक्टरनेच विचारलं तर रुग्णाला नाही म्हणवत नाही, कारण उद्या सुरी त्यांच्याच हातात असते. प्रशिक्षित समन्वयकाने विचारावं, डॉक्टरने शंकांना उत्तरं द्यावीत.

भाषा चुकते. भाषांतर केलेलं संमतीपत्र कायदेशीरदृष्ट्या बिनचूक असतं आणि वाचणाऱ्याला एक ओळ कळत नाही. समजलं का असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. ‘तुमचा तुकडा पुढे कुठे जाणार, हे तुमच्या शब्दांत सांगा’ असं विचारा. उत्तर अडखळलं की कुठे पुन्हा सांगायचं ते कळतं.

नातेवाइकांचा काही हक्क असतो का?

मार्च २०१३ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी हेला पेशींचा जनुकीय क्रम खुला केला. त्यात हेन्रिएटांच्या मुला-नातवंडांच्या आनुवंशिक धोक्यांचे माग होते आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं. कुटुंबाने आक्षेप घेतल्यावर तो मागे घेतला गेला. ऑगस्ट २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने कुटुंबाशी करार केला: क्रम हवा असेल त्याने अर्ज करायचा, आणि अर्ज तपासणाऱ्या गटात लॅक्स कुटुंबाचे दोन सदस्य असतील. कोणताही कायदा याची सक्ती करत नव्हता, आणि काम थांबलंही नाही.

व्यक्ती मरण पावली असेल तर अमेरिकेचे हे संघीय नियम लागूच होत नाहीत, ते जिवंत व्यक्तींपुरते आहेत. ब्रिटनमध्ये मृत व्यक्तीच्या ऊतींसाठीही संमती लागते: तिने हयातीत दिलेली, तिने नेमलेल्या प्रतिनिधीची किंवा ठरलेल्या क्रमाने जवळच्या नातेवाइकाची.

माझा नमुना वापरला गेला का, हे कसं शोधायचं?

आधी स्वतःच्या फाइलची प्रत मागा आणि त्यातली सगळी संमतीपत्रं वेगळी काढा. मग पॅथॉलॉजी रिपोर्टवरचा केस क्रमांक घेऊन पॅथॉलॉजी विभागाला लेखी विचारा: ब्लॉक किती होते, आज किती आहेत, कोणाला आणि कोणत्या तारखेला दिले. ब्लॉक बाहेर गेला की नोंदवहीत नोंद होते, म्हणून प्रश्न क्रमांकासह विचारा. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळतं. तिसरं पत्र एथिक्स कमिटीच्या सचिवांना: त्या काळात त्या विभागात संमती माफ करून कोणते अभ्यास मंजूर झाले? अभ्यासांची यादी मिळाली तर विषयावरूनच बराच अंदाज येतो. ताजा तुकडा घेतला गेला असेल तर त्याची खूण पॅथॉलॉजीत क्वचितच सापडते. त्यासाठी ऑपरेशनची नोंद वाचा आणि ‘नमुना कुणाकडे सोपवला’ ही ओळ शोधा.